आरपीच्या फाइलपासून जनुकांच्या जाळ्यापर्यंत: आनुवंशिक रेटिना-रोगाचा रिपोर्ट असा वाचा

फाइलवर 'आरपी' लिहिलेले असते, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी अंधारात दिसेनासे होते, मग बाजूची नजर आवळत जाते, तपासताना डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) काळे ठिपके दिसतात. सुमारे ४००० माणसांत एकाला हा त्रास होतो. पण 'आरपी' हे पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचे नाव आहे, कारणाचे नाही. हेच चित्र कितीतरी वेगवेगळ्या जनुकांच्या बिघाडातून उमटते. उलटही घडते: पीआरपीएच२ या एकाच जनुकातल्या दोषाने एकाला आरपी होते आणि दुसऱ्याच्या पडद्याचा फक्त मधला भाग बिघडतो, कधीकधी एकाच घरात.

रेटिनाच्या आनुवंशिक रोगांशी जोडलेली जनुके आता २८० च्या पुढे गेली आहेत. ती सुटी सुटी नाहीत. मोजक्या कामांच्या जाळ्यांत ती एकमेकांना बांधलेली आहेत. आपले जनुक कुठल्या जाळ्यात बसते हे कळले की किडनी तपासायची की कान, जीवनसत्त्व अ घ्यायचे की टाळायचे, बहिणीला काय सांगायचे, हे ठरवता येते. जनुकांची नावे रिपोर्टवर रोमन अक्षरांत छापलेली असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

रक्त देण्याआधी

पहिले काम कागद-पेन्सिलीचे: तीन पिढ्यांची वंशावळ. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, ज्याला त्रास आहे त्याचे चिन्ह भरीव. नाते मराठीतच लिहा. 'कझिन', 'अंकल' लिहिले की माहिती हरवते. मामा, काका, मावसभाऊ, आतेबहीण या शब्दांतच बाजू कळते आणि इथे बाजूलाच महत्त्व आहे. त्रास फक्त पुरुषांना आणि तोही आईकडून आलेला दिसला (आईचे वडील, मामा, मावसभाऊ) तर एक्स-गुणसूत्रावरच्या आरपीजीआर जनुकाचा संशय आधी घ्यायचा. बापाकडून मुलाकडे त्रास गेल्याचे एक जरी उदाहरण सापडले तरी तो संशय बाद, कारण मुलाला बापाचे एक्स मिळतच नाही. आई-वडील नात्यातले असतील (मामाच्या किंवा आत्याच्या घरची सोयरीक) तर दुहेरी रेषेने जोडा. हे सांगायला संकोच करू नका. या एका रेषेवर अख्खे विश्लेषण फिरते.

प्रत्येकाच्या नावापुढे आणखी चार गोष्टी लिहा: त्रास कोणत्या वयात सुरू झाला, ऐकू कमी येते का, किडनीचा आजार आहे का, जन्मतः जादा बोट होते का. जादा बोट लहानपणी काढून टाकलेले असते आणि मोठेपणी कुणाला आठवत नाही, म्हणून ते आजीला विचारा.

डोळ्याच्या तपासण्या जनुक-तपासणीच्या आधी व्हायला हव्यात: ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा) फोटो, दृष्टिक्षेत्र (बाजूची नजर किती आहे) आणि ईआरजी. ईआरजीत पडद्याची विद्युत-प्रतिक्रिया मोजतात. अंधारातला भाग मोजण्यापूर्वी किमान २० मिनिटे पूर्ण काळोखात बसवावे लागते. ही वीस मिनिटे घाईत कापली तर दंडपेशींचा (अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद खोटाच कमी दिसतो आणि शंकूपेशींच्या (रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींच्या) रोगाला आरपीचे लेबल लागते. लॅबला रक्तासोबत हे निष्कर्षही पाठवा. 'आरपी, कृपया तपासावे' एवढ्या चिठ्ठीवर विश्लेषकाला हजारो बदलांतून योग्य बदल उचलता येत नाही.

नमुना आणि लॅबला विचारायचे प्रश्न

मोठ्यांसाठी ३ ते ५ मिली रक्त, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत. नळी भरताच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. गुठळी झाली तर डीएनए कमी निघतो. नमुना फ्रीजरमध्ये ठेवू नका. लाळेचा किट असेल तर आधी अर्धा तास खाणे-पिणे, तंबाखू, चूळ काही नको. नुकतेच कुणाचे रक्त चढवले असेल किंवा अस्थिमज्जा-प्रत्यारोपण झाले असेल तर लॅबला आधी सांगा. शक्य तिथे आई-वडिलांचे नमुने त्याच दिवशी द्या; त्याचा उपयोग पुढे कळेल.

पैसे भरण्यापूर्वी लॅबला विचारा: आरपीजीआरचा 'ओआरएफ१५' हा भाग वेगळा वाचता का? एक्सशी निगडित आरपीचे बहुतेक रुग्ण आरपीजीआरचेच असतात आणि त्यातले बरेचसे दोष याच भागात असतात. तिथे तीच ती अक्षरे इतकी पुन्हापुन्हा येतात की लहान तुकडे वाचणाऱ्या यंत्राला कुठला तुकडा कुठला हे कळत नाही. म्हणून 'काही सापडले नाही' असा रिपोर्ट येतो आणि दोष तिथेच बसलेला असतो. पुढचा प्रश्न, जनुकाचा मोठा तुकडाच गायब किंवा दुप्पट झालेला असेल तर तो पकडता का? पीआरपीएफ३१ आणि ईवायएसमध्ये असे घडते. तिसरा, जनुकाच्या मधल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या पट्ट्यांतले माहीत असलेले दोष पाहता का? एक्झोम तपासणी जनुकांचे प्रथिनात उतरणारे भागच, म्हणजे संपूर्ण जीनोमचा (सगळ्या डीएनएचा) फक्त एक-दोन टक्के भाग वाचते. सीईपी२९० मधला सी.२९९१+१६५५ए>जी हा प्रसिद्ध दोष त्या भागाबाहेर आहे. युरोपीय वंशाच्या बाळांतल्या जन्मजात अंधत्वाचे ते एक मोठे कारण आहे, आणि तो नुसत्या एक्झोममध्ये दिसत नाही. शेवटचा प्रश्न, कच्च्या डेटाची फाइल मिळेल का?

भारतात हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि मदुराईचे अरविंद इथे नेत्ररोगांच्या जनुकशास्त्राचे काम चालते. तुमची लॅब दुसरी असली तरी हे प्रश्न तेच राहतात.

रिपोर्टची एक ओळ

समजा असे लिहून आले: यूएसएच२ए, सी.२२९९डेलजी, पी.जीएलयू७६७एसईआरएफएस*२१, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक.

पहिला शब्द जनुकाचा. 'सी.' नंतरचा भाग सांगतो की प्रथिनाच्या पाककृतीत २२९९ व्या जागचे 'जी' अक्षर गळले आहे. 'पी.' नंतरचा भाग परिणाम सांगतो: ७६७ व्या जागी ग्लुटामेटऐवजी सेरीन आले, तिथून वाचन सरकले आणि थोड्याच अंतरावर प्रथिन तुटले. शेवटचा शब्द वर्गवारीचा. पाच पायऱ्या असतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी.

सगळ्यात जास्त चूक होते ती 'हेटेरोझायगस' या शब्दावर. म्हणजे दोन प्रतींपैकी एकच बिघडली आहे. यूएसएच२एचा रोग अप्रभावी आहे; दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय तो होत नाही. तेव्हा ही ओळ एकटी असेल तर निदान झालेले नाही. एकतर त्याच जनुकातला दुसरा दोष तपासणीतून निसटला आहे, किंवा हा माणूस या जनुकाचा केवळ वाहक आहे आणि खरे कारण दुसरीकडे आहे. आणि दोन वेगवेगळे दोष सापडले तरी ते दोन वेगळ्या प्रतींवर आहेत याची खात्री हवी. दोन्ही एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत आहे. ही खात्री आई-वडिलांच्या नमुन्यांनी होते: एक दोष आईत, दुसरा वडिलांत सापडला की प्रश्न मिटला.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९९४ साली दाखवले गेले की पीआरपीएच२ ची एक प्रत आणि आरओएम१ ची एक प्रत, अशी दोन वेगळ्या जनुकांची एकेक प्रत बिघडली तरी आरपी होते. ही दोन प्रथिने दंडपेशीच्या चकत्यांच्या कडेला एकमेकांना धरून असतात. एकाच सांध्यावरचे दोन्ही बोल्ट अर्धे सैल झाल्यासारखा हा प्रकार आहे. रिपोर्टमध्ये एकाच जाळ्यातल्या दोन जनुकांत एकेक दोष दिसला म्हणून मात्र लगेच असे निदान करू नये. सिद्ध झालेल्या जोड्या फार थोड्या आहेत.

आता जनुक जाळ्यात ठेवा

दृष्टिचक्र. प्रकाश पडला की दंडपेशीतला ११-सिस-रेटिनल हा जीवनसत्त्व अ चा रेणू सरळ होतो, आणि त्याला पुन्हा वाकवून आणायचे काम शेजारच्या रंगद्रव्य-थरात चालते. एबीसीए४, आरडीएच१२, एलआरएटी, आरपीई६५, आरएलबीपी१ ही त्या रस्त्यावरची जनुके. पण रस्ता एक असला तरी सल्ला उलटा असू शकतो. आरपीई६५ बंद पडले की वाकवलेला रेणू मिळतच नाही. पेशी उपाशी असते, पण काही वर्षे जिवंत राहते. म्हणूनच तिथे जनुक-उपचार चालला आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. एबीसीए४ बंद पडले की वापरलेला माल बाहेर निघत नाही, त्याचा विषारी गाळ साचतो आणि पडद्याचा मधला भाग बिघडवणारा स्टारगार्ट रोग होतो. अशा माणसाने जीवनसत्त्व अ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणे म्हणजे गाळात भर. 'डोळ्यांसाठी चांगले' म्हणून दुकानातून आणलेल्या डबीवर अ ची मात्रा किती आहे हे पाहिल्याशिवाय ती उघडू नका. रोजच्या जेवणातले गाजर-पालक बंद करायची गरज नाही.

प्रकाशाचा विजेत बदल. आरएचओ, पीडीई६ए, पीडीई६बी, सीएनजीए१, सीएनजीबी१. आरएचओमधला पी२३एच हा दोष १९९० साली सापडला. आरपीचे कारण म्हणून ओळखला गेलेला तो पहिला जनुकदोष. इथेही दोन टोके आहेत. पीडीई६ बिघडले की पेशीत सीजीएमपी (दारे उघडणारा निरोप्या रेणू) साठते, आयनांची दारे उघडीच राहतात आणि कॅल्शियम आत लोटते. सीएनजी, म्हणजे ती दारे बनवणारी जनुके, बिघडली तर दारच नीट उघडत नाही. शेवटी दोन्हीकडे पेशी मरते आणि फाइलवर दोन्हीकडे 'आरपी'च लिहिले जाते. सीएनजीबी१ चे प्रथिन नाकातल्या वासाच्या पेशींतही असते. म्हणून या जनुकाच्या रुग्णाला वास कमी येतो का हे विचारावे; विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. घरातला गॅस गळला तर ते कळायला हवे, एवढ्यासाठी तरी विचारा.

सिलियम. सगळ्यांत दाट आणि सगळ्यांत फसवे जाळे हेच. दंडपेशीचा आतला आणि बाहेरचा भाग एका अरुंद पुलाने, म्हणजे सिलियमने, जोडलेला असतो. बाहेरच्या चकत्यांचा रोज सुमारे दहावा भाग झिजतो आणि तेवढाच नवा बनतो, त्यामुळे या पुलावरून मालाची वाहतूक अखंड चालू असते. सीईपी२९०, आरपीजीआर, आरपीजीआरआयपी१, आयक्यूसीबी१ आणि बीबीएस (बार्डेट-बीडल सिंड्रोम) गटाची जनुके पुलाची बांधणी किंवा वाहतूक सांभाळतात. आरपीजीआरआयपी१ पुलावर आरपीजीआरला धरून ठेवते. आरपीजीआरआयपी१ च्या बिघाडाने बाळ जन्मतः आंधळे असते, आरपीजीआरच्या बिघाडाने मुलग्याला पुढे रातांधळेपणा येतो, आणि दोन्ही प्रथिने मात्र शेजारी आहेत.

असाच सिलियम किडनीत, मेंदूत, बोटे घडवणाऱ्या भ्रूणपेशींत असतो. म्हणून या गटातले जनुक रिपोर्टवर दिसले की डोळ्यांवर थांबायचे नाही. आयक्यूसीबी१ असेल तर किडनी बिघडणे जवळजवळ ठरलेले आहे. क्रिएटिनिन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी हे सगळे आत्ता करा आणि नंतर दरवर्षी. सुरुवातीची लक्षणे साधी असतात: मूल सारखे पाणी मागते, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले करते, फिकट दिसते. सीईपी२९० मध्येही हीच तपासणी करावी. बीबीएस गटात वजन, साखर आणि किडनी या तिन्हींवर लक्ष ठेवावे लागते.

कान आणि डोळा. एमवायओ७ए, सीडीएच२३, यूएसएच२ए: अशर सिंड्रोम, म्हणजे बहिरेपणासोबत आरपी. जन्मतः ऐकू न येणारे मूल दीड वर्षाचे झाले तरी चालत नसेल तर कानातला तोल सांभाळणारा भागही गेलेला असू शकतो आणि एमवायओ७एसारख्या जनुकाचा संशय घ्यावा. नजर जायला अजून वर्षे असतात, पण कॉक्लियर इम्प्लांटचा निर्णय त्याआधी घ्यावा लागतो. पुढे खुणांची भाषा अंधुक नजरेने वाचावी लागणार आहे. यूएसएच२ए मात्र कान शाबूत ठेवूनही नुसते आरपी देते.

स्प्लायसिंग. पीआरपीएफ३, पीआरपीएफ६, पीआरपीएफ८, पीआरपीएफ३१, एसएनआरएनपी२००. जनुकाची नक्कल कापून-जोडून प्रथिनाची पाककृती तयार करणारी ही यंत्रणा शरीराच्या प्रत्येक पेशीत चालते, तरी त्रास रेटिनालाच होतो. पीआरपीएफ३१ मध्ये एक प्रत जाते आणि उरलेली पुरी पडत नाही. ज्याची उरलेली प्रत जरा जोमाने चालते तो माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. म्हणून वंशावळीत आजोबांना त्रास, वडील निरोगी, नातवाला त्रास असे दिसते आणि 'पिढी कोरी गेली, म्हणजे अप्रभावी' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वडिलांचे रक्त तपासल्याशिवाय तो काढू नका.

नियंत्रक. सीआरएक्स, एनआरएल, एनआर२ई३. ही जनुके इतर जनुकांचे बटण दाबतात. एनआरएल नसलेल्या उंदरात दंडपेशी निळा रंग टिपणाऱ्या शंकूपेशींसारख्या घडतात. एनआर२ई३ बिघडलेल्या माणसात याच शंकूपेशींचे काम वाजवीपेक्षा जास्त दिसते. हे जाळे शोधालाही कसे उपयोगी पडते ते एका भारतीय कुटुंबाच्या उदाहरणात दिसते. १९९९ साली त्या कुटुंबातल्या आरपीची जागा दुसऱ्या गुणसूत्रावर ठरली आणि तिला आरपी२८ नाव मिळाले. त्या पट्ट्यात अनेक जनुके होती, दोषी कुठले ते कळेना. सीआरएक्स प्रथिन डीएनएवर जिथे बसते त्या जागांचा नकाशा हाती आल्यावर त्या पट्ट्यातले एफएएम१६१ए उठून दिसले आणि २०१० मध्ये तेच कारण ठरले.

शेवटचा गट लहान आहे, पण तो निसटू देऊ नका, कारण इथे आहाराने फरक पडतो. पीएचवायएच म्हणजे रेफसम रोग: फायटॅनिक आम्ल शरीरात साचते. ते दूध, लोणी, तूप आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीत असते. शाकाहारी घरात 'मांस बंद करा' हा सल्ला निरर्थक ठरतो; तिथे तूप-लोणी हाच मुख्य स्रोत असतो. या रोगात कडक उपवासही घातक आहे, कारण चरबी वितळली की साठलेले आम्ल एकदम रक्तात उतरते. घरात आषाढी-चतुर्थीचे निर्जळी उपवास असतील तर हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. ओएटीचा दोष असेल तर रक्तातले ऑर्निथिन हे अमिनो आम्ल मोजा. काही रुग्णांत जीवनसत्त्व ब६ ने ते उतरते. एमटीटीपी असेल तर चरबी आणि तिच्यात विरघळणारी जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, म्हणून जीवनसत्त्व अ आणि ई द्यावे लागते, म्हणजे एबीसीए४ च्या नेमके उलट.

जाळे स्वतः काढून पाहायचे असेल

विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांसाठी: प्रथिनांचे परस्परसंबंध दाखवणाऱ्या 'स्ट्रिंग' या मोफत संकेतस्थळावर 'मल्टिपल प्रोटीन्स' निवडा, जीव म्हणून होमो सेपियन्स, आणि वर आलेली २५-३० नावे एकेका ओळीवर टाका. जुनी नावे चालतीलच असे नाही: बीबीएस८ आता टीटीसी८ आहे, आरडीएस म्हणजे पीआरपीएच२, एनपीएचपी५ म्हणजे आयक्यूसीबी१. विश्वासाची पातळी मुळात ०.४०० असते, ती ०.७०० करा. मग 'टेक्स्टमायनिंग' बंद करून पुन्हा काढा. दोन नावे एकाच निबंधात आली एवढ्यावर आखलेल्या रेषा तेव्हा गळून पडतात, आणि जे उरते त्यावर बोलता येते. प्रत्यक्ष चिकटणारी प्रथिनेच हवी असतील तर 'फिजिकल सबनेटवर्क' निवडा.

तरीही सीईपी२९० किंवा आरएचओभोवती सर्वाधिक रेषा दिसतील. त्याचे कारण ती जनुके जास्त महत्त्वाची आहेत असे नाही. त्यांच्यावर संशोधन जास्त झाले आहे. खाली, यादीतल्या जनुकांची समान कामे दाखवणाऱ्या तक्त्यात, 'दृष्टी' हा शब्द अत्यंत लक्षणीय म्हणून येईल, त्यावरही भाळू नका: रेटिना-रोगांचीच यादी दिली तर दुसरे काय येणार? तुलनेची पार्श्वभूमी संपूर्ण जीनोमऐवजी रेटिनात व्यक्त होणाऱ्या जनुकांची दिली तरच उत्तराला अर्थ येतो.

लग्न, मुले, नातेवाईक

अप्रभावी रोगात दोन वाहकांच्या प्रत्येक गरोदरपणात रोगाची शक्यता चारात एक असते. पहिले मूल बाधित झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही. बाधिताचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. बाधित माणसाची सगळी मुले वाहक असतात, पण जोडीदार नात्याबाहेरचा असेल तर त्यांना रोग होण्याची शक्यता सहसा कमी असते. बाधित मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केले तर हिशोब असा: आई वाहक आहेच, मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीची पाव, आणि प्रत्येक बाळाला रोग होण्याची आठात एक. हा आकडा लग्न ठरण्याआधी दोन्ही घरांना माहीत हवा, आणि मामेबहिणीची एकच रक्ततपासणी त्याला 'जवळजवळ शून्य' किंवा 'निम्मी' अशा स्पष्ट उत्तरात बदलू शकते.

एक्सशी निगडित रोगात बाधित पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक, मुलगे मुक्त. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्याला रोगाची निम्मी शक्यता. तिच्या स्वतःच्या पडद्यावरही सोनेरी चकाकी किंवा थोडा रातांधळेपणा सापडू शकतो, म्हणून तिचीही तपासणी करा. 'आईकडून आले' म्हणून सुनेला बोल लावणे घरात सुरू होऊ देऊ नका. तिने जे दिले ते तिलाही मिळालेलेच होते. गर्भाची तपासणी करायची तर ती नोंदणीकृत जनुकीय केंद्रात, समुपदेशकाशी बोलून. गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

अनिश्चित निकाल आणि त्यानंतर

'अनिश्चित महत्त्वाचा बदल' यावर कोणताही निर्णय घेऊ नका: ना गर्भाचा, ना लग्नाचा, ना उपचाराचा. घरातल्या आणखी बाधितांत तोच बदल आहे का आणि निरोगी वडीलधाऱ्यांत नाही ना, हे पाहा. जनुक बसते ते जाळे आणि डोळ्यातले चित्र जुळते का, तेही पाहा. किडनीच्या जनुकातला अनिश्चित बदल आणि किडनीही बिघडलेली असेल तर डॉक्टरांना पुढे जायला आधार मिळतो, पण पुरावा म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

जनुक सापडो वा न सापडो, काही त्रासांवर इलाज आजही आहे आणि तो राहून जातो. आरपीत पडद्याच्या मध्यभागी पाणी साठले तर डॉर्झोलामाइडचे थेंब किंवा अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रिया, आणि दृष्टी निकषात बसत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड. पैसे घेऊन डोळ्यात 'स्टेम सेल' टोचून देणाऱ्यांकडे जाऊ नका. २०१७ साली अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची नजर अशाच इंजेक्शनांनंतर गेल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी टोचले होते. खऱ्या चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत आणि बहुधा आधी एकच डोळा घेतात.

रिपोर्टमध्ये काही सापडले नाही तर दीड-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा वाचून घ्या. नवे रक्त लागत नाही. त्यासाठी कच्ची फाइल पेनड्राइव्हवर घरी असावी आणि तिच्यासोबत लॅबचे नाव, तपासणीची तारीख आणि तपासलेल्या जनुकांची यादी. वंशावळीचा कागदही तिथेच ठेवा. नवे बाळ जन्मले, कुणाला चष्म्याने सुधारत नाही असा त्रास सुरू झाला, कुणाची किडनी बिघडली की त्याच कागदावर तारखेसह भर घाला.